नांगर डावीकडं ओढतो

नानांनी पहिला तडाखा ट्रॅक्टरच्या दिव्यावर हाणला आणि दुसरा मुक्याच्या खांद्यावर. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कारण मी तिथं बांधावरच उभा होतो आणि मला साक्षीला नानांनीच बोलावलं होतं.

मुका म्हणजे खरोखरचा मुका नव्हे. बोलता येत होतं त्याला. पण दिवसाकाठी जेवढं बोलायचं तेवढं सकाळी ट्रॅक्टर चालू करतानाच ट्रॅक्टरशी बोलून संपवतो, असं त्याची बायको म्हणायची. नाना त्याच्या वडिलांचे चुलतभाऊ. दोघांची घरं एका भिंतीला आणि शेतं एका बांधाला. मुक्याच्या शेताच्या दुसऱ्या अंगाला माझं शेत. म्हणजे एका बाजूला नाना, एका बाजूला मी आणि मधे हा.

पीक निघून गेलं होतं. जमीन उन्हानं अशी तडकली होती की भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जावा. अशा जमिनीत नांगर घातला की ढेकळं निघतात ती दगडासारखी, आणि धूळ उडते ती दुपारपर्यंत खाली बसत नाही. मुक्यानं सकाळीच माझ्या बांधापासून सुरुवात केली होती आणि उन्हं चढेपर्यंत नानांच्या बांधाला भिडला होता. शेवटचं तास, म्हणजे नांगराची शेवटची ओळ, चालू असताना नाना कुदळीचा दांडा घेऊन आडवे आले.

"उतर खाली."

मुक्यानं ट्रॅक्टर थांबवला. इंजिन चालूच ठेवलं.

"हे बघ." नानांनी दांडा बांधाच्या पोटात खुपसला. "मागल्या वर्षी कोरलास, मी म्हटलं चुकला असेल, आपलंच पोर आहे. आता परत. अरे, ह्या बांधावरनं माझा बाप गाडी हाकायचा. आता शेळीला जायचं तर एका पायापुढं एक पाय टाकावा लागतो."

"नाना, मी सरळच चालवलाय."

"मग बांध काय आपला आपण सरकतो? त्याला पाय फुटलेत?"

मुका मागं वळून तासाकडं बघत राहिला. ट्रॅक्टरच्या चाकाची खूण सरळ होती, दोरी लावल्यासारखी. नांगराचं तास मात्र बांधाच्या बुडात शिरलेलं.

नाना माझ्याकडं वळले. "भाऊ, तू सांग. तुझ्या बांधाचं एक ढेकूळ तरी हललंय का?"

मी काय सांगणार. सकाळीच बघून आलो होतो. "नाही हललं," म्हणालो. माझं बोलणं खरं होतं आणि त्यानंच घात केला.

"ऐकलंस? नांगर तोच, माणूस तोच. ह्याच्या बांधाला सरळ जातो आणि माझ्या बांधाला त्याला दात फुटतात. का? तर हा तरणा आहे, उद्या गळा धरेल. नाना काय, म्हातारा. आज आहे, उद्या नाही."

"मला पण कळत नाही, नाना," मुका म्हणाला.

एवढंच म्हणाला तो. पण नानांना ती थट्टा वाटली. त्यांनी दिवा फोडला, मुका खाली उतरला तेव्हा त्याच्या खांद्यात दांडा घातला आणि तिसऱ्यांदा उगारला तेव्हा मी मधे पडलो. मुक्यानं हात वर केला नाही. नुसता उभा राहिला, आणि त्या उभं राहण्यानं नाना आणखी भडकले.

तेवढ्यात नानांचा मुलगा धावत आला. त्याला सगळे पैलवान म्हणतात. कुस्ती सोडून बरीच वर्षं झाली होती, पण मान अजून बैलासारखी. बापाच्या हातात दांडा आणि समोर मुका बघून त्यानं विचारपूस केली नाही. मुक्याची मानगूट धरली आणि तोंड तासात दाबलं.

"खा. माती पाहिजे ना तुला? खा आमची."

मुका हातपाय झाडत होता. पैलवानानं त्याला उचलून परत आपटला तेव्हा त्याचा कान नांगराच्या फाळाला लागला आणि वरची कड लोंबली. मी पैलवानाच्या कमरेला मिठी मारली होती, पण त्याला मी म्हणजे कपड्याला चिकटलेलं कुसळ.

झाडाखाली मुक्याचा मेव्हणा पडला होता, बायकोचा धाकटा भाऊ. नांगरटीला मदत म्हणून दोन दिवस आला होता आणि मदत म्हणून झोपा काढत होता. तो उठला. ट्रॅक्टरच्या पेटीतून त्यानं टॉमी काढली, चाकाचे नट सोडवायची ती लोखंडी दांडी, आणि सरळ चालत आला. पैलवानाच्या हातावर ती अशी बसली की सुकलेलं लाकूड मोडावं तसा आवाज आला. पैलवानानं आधी आपल्या हाताकडं बघितलं. कोपराच्या खाली हात भलतीकडंच वळला होता आणि कातडीखाली हाडाचा उंचवटा आला होता. मग तो ओरडला.

"आमच्या माणसाला चोर म्हणता?" मेव्हणा म्हणाला आणि त्यानं टॉमी परत उगारली. ह्या वेळी डोक्याच्या रोखानं. ती डोक्यात बसली असती तर आज मी तुम्हांला वेगळीच गोष्ट सांगत असतो. मुक्यानं रक्तबंबाळ तोंडानं खालूनच मेव्हण्याचा पाय ओढला, मेव्हणा पडला आणि टॉमी ढेकळात गेली.

ट्रॅक्टरचं इंजिन सगळा वेळ चालूच होतं.

पोलीस आले, दोन्ही घरांना दम देऊन गेले. पैलवानाचा हात प्लास्टरमध्ये गेला, मुक्याच्या कानाला टाके पडले. पण एका भिंतीची घरं. नळ एक, अंगण एक. दुसऱ्या दिवशी नळावर नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूनं, मुक्याच्या बायकोची घागर लाथेनं उडवली.

"आमच्या पोराचा हात मोडून आमच्याच नळाचं पाणी पिता?"

"नळ तुमचा कधी झाला, काकू? आणि सुरुवात कुणी केली?"

"सुरुवात तुझ्या नवऱ्यानं केली. चोराची बायको ती, तिला कसं दिसणार?"

मुक्याची बायको हाताला लागेल ते घेऊन उठली. हाताला कळशी लागली. काकूच्या कपाळाला खोक पडली, काकूनं तिचे केस मुठीत धरून तिला नळाच्या ओट्यावर आपटलं, आणि दोघींना सोडवताना आणखी तिघींना लागलं. कालपर्यंत ह्या दोघी एकमेकींच्या डोक्याला तेल लावत बसायच्या.

संध्याकाळ व्हायच्या आत पैलवानाचे जुने तालमीतले दोस्त आले, घण घेऊन. पैलवान गळ्यात हात अडकवून दारात उभा राहिला आणि बोटानं दाखवत गेला. त्यांनी ट्रॅक्टरचा रेडिएटर फोडला, मागच्या टायरांत छिन्नी घातली, मग नांगराकडं वळले. पण नांगर म्हणजे जाड लोखंड. घणाचे घाव बसले, ठिणग्या उडाल्या, आणि एकाचा घण उसळून त्याच्याच गुडघ्यावर बसला. तो लंगडत, शिव्या देत निघून गेला. मेव्हणा त्या वेळी घरात आतून कडी लावून बसला होता. आणि मुका उंबऱ्यावर बसून हे सगळं बघत होता.

सकाळी तो माझ्याकडं आला. "तुझा ट्रॅक्टर दे," म्हणाला. "नांगर लोहारणीकडं न्यायचाय."

"घणानं वाकला का?"

"माहीत नाही. बघायचंय."

गावाबाहेर रस्त्याला लोहारणीचं पत्र्याचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून तीच चालवते. हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग, चेहरा भाजून तांबडा झालेला आणि तोंड फटकळ. माझ्या ट्रॅक्टरला जोडलेला नांगर तिनं चारी बाजूंनी बघितला. घणाचे वण बोटानं चाचपले. दोन्ही फाळांच्या टोकांना दोरी लावून बघितली. जमिनीवर टेकवून मागून एक डोळा मिटून बघितलं.

"काही वाकलेलं नाही," ती म्हणाली. "घण मारणारे तुझ्यासारखेच कच्च्या हाताचे. घेऊन जा."

मुका हलला नाही. "मावशी, नांगर ओढतो."

"कुठं ओढतो?"

"डावीकडं."

"ट्रॅक्टरचे खालचे दोन्ही हात सारख्या उंचीवर आहेत?" मुक्यानं मान हलवली. "बाजूच्या साखळ्या ढिल्या?" ढिल्या नव्हत्या. "वरची दांडी फार आखूड केलीयस?" मुक्यानं हातानं माप दाखवलं. "मग नांगराचा दोष नाही बाबा. हाताचा असेल. दिवसभर गुटखा खात मान वाकडी करून चालवत असशील."

"मावशी," मुका म्हणाला, आणि त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात लांब बोलणं झालं, "जाताना नाही ओढत. घराकडं तोंड करून येताना ओढतो. फक्त येताना."

लोहारीण जाता जाता थांबली. "हे आधी का नाही सांगितलंस?"

आता हे समजून घ्यायला हवं. मुक्याचा नांगर पलटी नांगर. त्याला वर-खाली दोन जोड्या फाळ असतात. जाताना खालची जोडी माती उलटवते. टोकाला गेलं की नांगर उचलायचा, पालथा करायचा, मग वरची जोडी खाली येते आणि येताना ती चालते. म्हणजे एकाच नांगरात दोन नांगर म्हणा. लोहारणीनं आतापर्यंत बघितला तो जातानाचा.

"पालटव," ती म्हणाली.

मी खटका ओढला. नांगर धाडकन उलटला. लोहारीण खाली आडवी झाली, मागच्या फाळाच्या बगलेत हात घातला आणि चाचपत राहिली.

"इकडं ये. हात घाल."

मुक्यानं हात घातला. मग मीही घातला. फाळाच्या पाठीमागं जिथं बोटभर जाड लोखंडी पट्टी असायला हवी तिथं एक धारदार काठ लागला, डब्याच्या झाकणासारखा.

"माती उजवीकडं फेकली की नांगराला डावीकडं धक्का बसतो," लोहारीण उठून बसत म्हणाली. "तो धक्का ही पट्टी घेते. तासाच्या भिंतीला टेकून चालते म्हणून नांगर सरळ राहतो. इथं पट्टीच नाही. कुणीतरी पत्रा कापून वेल्डिंगनं डागलाय, तोही घासून संपलाय. मग नांगराला टेकायला काय? तो भिंतीत शिरतो. तू पुढं बघून ट्रॅक्टर सरळ चालवतोस आणि मागं त्याची शेपूट डावीकडं जाते. शेताच्या मधे कळायचं नाही. बांधाला कळेल."

मी मनात जुळवून बघितलं. मुका सुरुवात माझ्या बांधापासून करतो. तिथं नांगर सरकला तरी बांधापासून लांब, शेतातच सरकणार. आणि शेवटचं तास नेहमी नानांच्या बांधाला, घराकडं तोंड करून, म्हणजे त्याच जोडीनं. माझा बांध शाबूत, नानांचा कोरलेला. बघणाऱ्याला चोरीच दिसणार. मलाही तीच दिसली होती.

लोहारणीनं हातोडीनं डागावरचा निळा रंग खरवडला. "हा डाग माझा नाही. असं शेण थापल्यासारखं काम माझ्या दुकानात होत नाही. आणि वरनं रंग फासलाय, डाग दिसू नये म्हणून. कुणी दिला रंग?"

मुका जमिनीवर बसला. कानाच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं ते त्यानं पुसलं नाही.

दोन वर्षांमागं मेव्हण्यानं नांगर नेला होता, त्याच्या गावच्या माळावर भाड्यानं नांगरट करायला. परत आणला तो निळाभोर करून. "ताईच्या घरची वस्तू आहे, म्हटलं नवी करूनच द्यावी," म्हणाला होता. मुक्याच्या बायकोनं आळीतल्या प्रत्येकीला तो रंग नेऊन दाखवला होता. मलाही दाखवला होता.

"नवी पट्टी आहे माझ्याकडं. आत्ता बसवते," लोहारीण म्हणाली.

"आज नको, मावशी. आधी दाखवायचंय."

घरी आलो तेव्हा मेव्हणा जेवायला बसला होता. बहीण वाढत होती. मुका दारातच उभा राहिला.

"माळावर नांगर दगडाला लागला होता का?"

मेव्हण्याचा घास हातातच राहिला. "कधी?"

"पट्टी तुटली होती का?"

"हां, ती होय. तुटली होती. दुसरी लावून दिली की, भाऊजी. पट्टीच तर आहे. तिचं काय एवढं?"

"पत्रा लावलास. सांगितलं नाहीस."

"सांगून काय, तुम्ही ताईला बोलला असता."

"आणि परवा? नाना मला चोर म्हणत होते तेव्हा? टॉमी उचललीस तेव्हा आठवलं नाही?"

मेव्हणा हसला. मला वाटतं तो घाबरून हसला असेल. पण हसला. "भांडण चाललं होतं, भाऊजी. भांडणात पट्टी कुणाला आठवते?"

आयुष्यात कुणाला न मारलेला माणूस मारायला लागला की त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. मुक्यानं त्याला ताटावरून ओढलं, भिंतीवर आपटलं, खाली पाडलं आणि तो मुठीनं, लाथेनं, कोपरानं मारत राहिला. मेव्हण्याचं नाक फुटलं. तो आधी शिव्या देत होता, मग गयावया करायला लागला, मग नुसता कण्हत होता. मी मुक्याचे खांदे धरले तर त्यानं मला फेकलं. शेवटी बायको भावाच्या अंगावर आडवी पडली. मुक्याची मूठ वर गेलेली होती ती खाली आली, आणि तिच्या पाठीत बसली.

तो आवाज ऐकून मुका थांबला.

ती उठली नाही. भावाला तसंच झाकून पडून राहिली आणि म्हणाली, "आज माझ्यावर पण हात पडला तुमचा." मग थोड्या वेळानं, "ह्यानं चुकीचं केलं. मला कळतंय. पण तुम्ही आता माझ्याशी बोलू नका."

मुक्यानं मेव्हण्याला दंडाला धरून उभं केलं आणि बाहेर नेलं. ती मागून गेली, तिच्यामागं मी.

गावाच्या कडेला एक पडीक रान आहे, कुणाचंच नाही. मी तिथं ट्रॅक्टर नेला, वाटेत लोहारणीलाही घेतलं. मुक्यानं नानांच्या दारात जाऊन फक्त एवढं सांगितलं, "नाना, या. नांगर बघा." नाना येत नव्हते. पण मुका कुणाला बोलावतोय हीच इतकी नवलाची गोष्ट होती की सगळी आळी निघाली, मग नानांनाही यावं लागलं. पैलवान आला, गळ्यात हात अडकवून. दोस्त आले. काकू आली, कपाळाला फडकं बांधून.

लोहारणीनं सगळ्यांना पट्टीचं सांगितलं. नाना ऐकून घेत होते आणि मान हलवत होते, नाही म्हणून.

"ही सगळी बनवाबनवी आहे," ते म्हणाले. "बाईला फितवलंय. आणि हा चालवणार, ह्याच्याच हातानं, मग पाहिजे तसा वळवेल."

"मी नाही चालवणार," मुका म्हणाला. "पैलवान चालवेल."

"मला एकच हात आहे," पैलवान म्हणाला.

"स्टेअरिंगला एक पुरतो."

कुणीतरी घराच्या रंगासाठी आणलेला चुना होता. लोहारणीनं दोरी ताणून रानात चुन्याची लांब रेघ मारली, मग तिच्या बाजूला दुसरी. पैलवान ट्रॅक्टरवर चढला. पहिल्या रेघेला चांगली जोडी लावली. नांगर रेघ धरून गेला, अगदी काठाकाठानं, आणि रेघ शेवटपर्यंत पांढरी राहिली. टोकाला नांगर पालटवला. दुसऱ्या रेघेला पैलवान आला तो सगळ्यांना दाखवून द्यायच्या इराद्यानं, दात आवळून, मान पुढं काढून. ट्रॅक्टर सरळ आला. पण मागं थोड्याच अंतरावर चुना मातीत जायला लागला. आधी काठ गेला, मग अर्धी रेघ, मग सगळी. पैलवान उतरला तेव्हा रेघेची जागा तासाच्या पोटात होती.

"परत," तो म्हणाला.

लोहारणीनं परत रेघ मारली. त्यानं परत चालवला. ह्या वेळी त्यानं स्टेअरिंग उजवीकडं दाबून धरलं, घामानं भिजला, तरी रेघ गेली. तो खाली उतरला आणि तासात उकिडवा बसून भिंतीवर हात फिरवत राहिला. नाना तासातून चालत गेले, टोकापर्यंत, आणि परत आले. येताना ते कुणाकडंच बघत नव्हते.

पैलवान उठून मेव्हण्यापुढं जाऊन उभा राहिला. "तुला माहीत होतं?"

मेव्हण्यानं बहिणीकडं बघितलं. "विसरलो होतो."

पैलवानाचा उजवा हात गळ्यात होता. रागात त्याला तेवढं भान राहिलं नाही. आयुष्यभर ज्या हातानं मारलं तोच हात त्यानं झोळीतून काढला आणि प्लास्टरसकट मेव्हण्याच्या तोंडावर घातला. मेव्हणा दोन दात थुंकत मागं पडला. प्लास्टरला उभी चीर गेली आणि पैलवान हात पोटाशी धरून गुडघ्यावर आला. तोंडातून आवाज निघत नव्हता, नुसता श्वास.

मग दोस्त सरसावले. त्यांच्याबरोबर आळीतले आणखी काही, ज्यांचा ह्या भांडणाशी काही संबंध नव्हता तेही. कुणी ढेकूळ उचललं, कुणी चप्पल काढली. कालपर्यंत ह्याच लोकांना मुका चोर वाटत होता. आता त्यांना मेव्हणा मिळाला. पहिलं ढेकूळ मेव्हण्याच्या कपाळावर फुटलं. दुसरं फुटलं ते मुक्याच्या पाठीवर, कारण तोवर मुका मेव्हण्याच्या अंगावर पालथा पडला होता. त्याच्या पाठीत लाथा बसल्या, कमरेत बसल्या, टाक्यांचा कान परत उसवला. तो नुसता म्हणत होता, "बास. बास झालं. बास." मी आणि लोहारीण लोकांना ओढत होतो. शेवटी नानाच दांडा आडवा धरून मधे आले.

"मागं व्हा," ते म्हणाले. "एक पट्टी तुटली, तिच्यापायी किती हाडं मोडायची?"

लोक मागं झाले. मुक्याची बायको पुढं आली. तिनं नवऱ्याला हाताला धरून बाजूला केलं, भावाला उठवलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याला घेऊन चालायला लागली. घराकडं नाही, मोटार स्टँडकडं. मुका दोन पावलं तिच्यामागं गेला. ती थांबली नाही. पुढं बऱ्याच दिवसांनी ती परत आली, पण तो भाग तिचा आहे, तिनंच सांगावा.

नाना मुक्यासमोर उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं हे दिसत होतं. ओठ हलले. पण नानांनी सबंध जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती आणि ती कशी मागतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी पैलवानाकडं बघत ते म्हणाले, "ह्याचा हात परत सरकलाय. दवाखान्यात घेऊन जा ह्याला." आणि दांडा टेकत घराकडं गेले.

आम्ही नांगर सोडून लोहारणीच्या ताब्यात दिला. पैलवानाला एका बाजूच्या मडगार्डवर बसवला, दुसऱ्या बाजूला मी, त्याचा दंड धरून. मुका चालवत होता. रस्ता खड्ड्यांचा. प्रत्येक खड्ड्याला पैलवान डोळे मिटायचा. गावाची शेवटची घरं मागं पडली तेव्हा तो बोलला.

"दादा, तू त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?"

"नांगर ओढतो म्हणून."

मुक्यानं एक खड्डा चुकवला.

"मला कुठं माहीत होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मीच ओढतो. बांध जवळ आला की स्टेअरिंग घट्ट धरायचो, श्वास सोडायचो नाही. मागं बघितलं की बांध कोरलेला. दोन वर्षं हेच. मग म्हटलं, आपल्या मनातच असेल. आपल्याला वरनं दिसत नसेल, पण आत असेल. नाना चोर म्हणाले तेव्हा वाटलं, असेन मी."

पैलवानानं तोंड दुसरीकडं फिरवलं. इंजिनाचा आवाज होता म्हणून बरं झालं.

पुढं रस्ता आणखी फुटका होता. "दादा, जरा हळू घे," पैलवान म्हणाला. मुक्यानं गिअर खाली टाकला. ट्रॅक्टर माणूस चालेल तेवढ्या वेगानं जायला लागला. मागून एक ट्रक आला आणि त्यानं हॉर्नवर हॉर्न द्यायला सुरुवात केली. मुक्यानं वळून बघितलं नाही आणि रस्ताही सोडला नाही.